नाशिकची मिरवणूक, शके १८५१ : साधने, तिथी व शास्त्रार्थ

(१) प्रयोजन

आमचे वास्तव्य नाशिक जिल्ह्यातील देवळा येथे आहे. 'देऊळ' हा शब्द संस्कृत 'देवकुल' ह्यापासून प्राकृत 'देउल' ह्या रूपाने मराठीत आला, हे व्युत्पत्तिशास्त्राच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. 'कुल' म्हणजे घर. देवाचे घर ते देऊळ. आमच्या गावाचे नाव ह्याच शब्दकुळातले असावे असे मानण्याकडे आमचा कल आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय गावाच्या नावाचा नाही. देवाचे घर कोणाचे, हा प्रश्न शके १८५१ च्या फाल्गुनात नाशिक क्षेत्री ज्यांनी रस्त्यावर उतरून विचारला, त्यांच्या मिरवणुकीचा हा विचार आहे.

हा विषय हाती घेण्याचे कारण प्रथमच सांगितले पाहिजे, कारण त्यात आमचा दोष आहे. आम्ही आयुष्यभर शाळेत संस्कृत व इतिहास शिकविला. देवळ्यापासून नाशिक सुमारे पाऊणशे किलोमीटरांवर. भावडबारीचा घाट उतरून, सोग्रसवरून पंचवटीस वर्षातून एकदा मुलांची सहल नेण्याचा आमचा परिपाठ होता. काळाराम मंदिराच्या आवारात उभे राहून आम्ही मुलांस शिखराची घडण, दगडाची जात, पेशवाईतील सरदार घराणी इत्यादी सर्व काही सांगत असू. सुमारे वीस वर्षांमागे अशाच एका सहलीत आठवीतला एक मुलगा दरवाज्यापाशी थांबून म्हणाला, "सर, माझी पणजी ह्या दारापाशी बसली होती. आत नव्हती गेली." आमच्या ध्यानी लगेच काही आले नाही. त्याने "सत्याग्रहात" एवढा एकच शब्द पुढे जोडला. आम्ही "चला, उशीर होतो आहे" असे म्हणून रांग पुढे काढली.

ते उत्तर आम्हांस आजतागायत टोचते. पुढे सेवानिवृत्तीनंतर त्या मुलाच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा ती वृद्धा जाऊन कित्येक वर्षे लोटली होती. तिने जाताना भाकरी बांधून नेली होती, एवढेच घरच्यांस आठवत होते. तिचे नाव आम्ही येथे देत नाही. ते देण्याचा हक्क त्या घराचा आहे. मात्र ज्या घटनेची साक्ष आमच्या वर्गात बाकावर बसली होती, तिचा शोध घेणे हे आमचे कर्तव्य होते आणि ते आम्ही उशिरा केले. प्रस्तुत लेख हे त्या कर्तव्याचे अल्प परिमार्जन होय.

(२) शब्दांचा विचार

आज अशा प्रकारच्या सामुदायिक गमनास आपण 'मोर्चा' म्हणतो. हा शब्द फारसी 'मूर्चाल' ह्यापासून आला. बखरींत व पेशवेकालीन पत्रांत तो निव्वळ लष्करी अर्थाने येतो. किल्ल्यास मोर्चे लावणे म्हणजे तटासमोर खंदक अगर बुरूज उभारून तोफा रोखणे. तेथे मोर्चा एका जागी स्थिर असे. तो चालू लागला, त्याच्या हातातील शस्त्र गेले आणि त्याच्यासमोर शत्रूच्या जागी आपलाच समाज उभा राहिला, हा अर्थपालट विसाव्या शतकातला आहे.

दुसरा शब्द 'दिंडी'. वारकऱ्यांच्या चालत्या मेळ्यास दिंडी म्हणतात, आणि मोठ्या दरवाज्यात माणसापुरते जे लहान दार ठेवलेले असते त्यासही दिंडीच म्हणतात. चालणे आणि दार ह्या दोन्ही गोष्टी मराठीने एकाच शब्दात ठेविल्या आहेत. महाराष्ट्रात देवाकडे पायी जाण्याची रीत शतकानुशतकांची आहे. परंतु चौदाव्या शतकातील संत चोखामेळा ह्यांस पंढरपुरी देवळाबाहेरच राहावे लागले, व त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. वाट सर्वांस मोकळी आणि दार काहींस बंद, अशी ही स्थिती होती. १९३० ची मिरवणूक ह्याच स्थितीतून निघाली.

तिसरा शब्द 'सत्याग्रह'. हा दक्षिण आफ्रिकेत, तेथील वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध हिंदी लोकांनी चालविलेल्या लढ्यात जन्मला. १९१३ च्या नोव्हेंबरात नाताळमधून ट्रान्सवालकडे जो मोठा पायी काफिला निघाला, त्यात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले होती, अशी मोजदाद गांधीजींनी स्वतः नोंदविली आहे. गोऱ्यांच्या वर्णगर्वाविरुद्ध घडविलेले हे शस्त्र सतरा वर्षांनी नाशिकास आपल्याच घरातील उच्चनीचतेविरुद्ध वापरले गेले, ही गोष्ट इतिहासाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

(३) पूर्वपीठिका

काळारामाचे मंदिर पेशवाईत, अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर ह्यांनी बांधविले. मूर्ती काळ्या पाषाणाची, म्हणून काळाराम. भोवती तट, चार दिशांस चार दरवाजे, व पुढे स्वतंत्र सभामंडप अशी रचना आहे. हे चार दरवाजे पुढील कथाभागात महत्त्वाचे ठरतात.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले वा सरकारी व्यवस्थेखालील पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य गणलेल्या लोकांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव झाला, पण पाण्यास कोणी गेले नाही. कारण कागदावर उघडलेली वाट पायांखाली आल्याखेरीज उघडत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी रांगेने तळ्यावर गेले व पाणी प्याले. महाराष्ट्रातील नागरी हक्कांच्या मिरवणुकींचा अर्वाचीन इतिहास येथून मोजणे योग्य होय. पुढे तो वाद न्यायालयांत दहा वर्षे चालला, आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने तळ्याविषयीची कथित रूढी सिद्ध होत नाही असा निर्णय दिला.

पुण्यास पर्वतीच्या देवळासाठी ऑक्टोबर १९२९ मध्ये सत्याग्रह झाला. त्यानंतर नाशिकची सिद्धता झाली. तिचा सर्व स्थानिक भार भाऊराव कृष्णराव गायकवाड ह्यांनी वाहिला. त्यांचा जन्म १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. सत्याग्रहाच्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पुढे 'दादासाहेब' ह्या नावाने ते सर्व महाराष्ट्रास परिचित झाले.

(४) मिरवणुकीचा दिवस

तो दिवस रविवार, २ मार्च १९३० होय. गणिताने पाहता त्या दिवशी सूर्योदयी शके १८५१ फाल्गुन शुद्ध द्वितीया येते. सकाळी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्यांच्या भाषणाचा मथितार्थ असा, की देवळात गेल्याने आपले सर्व प्रश्न सुटतील असे नाही. आपला प्रश्न सामाजिक, आर्थिक, राजकीय असा सर्वांगी आहे. परंतु हिंदू मन आपणांस माणूस मानावयास सिद्ध आहे की नाही, ह्याची आज परीक्षा आहे. अर्थात आपण दार उघडावयास जात आहो एवढाच त्यांचा समज नव्हता. दारापाशी जाऊन आपण समाजास प्रश्न विचारीत आहो, ही जाणीव नेत्यास पहिल्याच दिवशी होती.

दुपारी तीनच्या सुमारास मिरवणूक निघाली. चारचारांच्या रांगा, लांबी सुमारे एक मैल. धनंजय कीर ह्यांनी चरित्रात दिलेल्या वर्णनाप्रमाणे अग्रभागी लष्करी सुरांचा बँड, त्यामागे बालवीर, त्यामागे स्त्रिया व मग पुरुष असा क्रम होता. ह्या क्रमाचे महत्त्व वाचकांनी विचारात घ्यावे. ज्यांची सावली रस्त्यावर पडली तरी आक्षेप घेतला जाई, ते लोक भर दुपारी राजरस्त्याने, वाद्ये वाजवीत, आपल्या स्त्रियांस पुढे घालून चालले होते. नाशिक शहराने सिंहस्थात साधूंच्या शाही मिरवणुका पाहिल्या होत्या, रथ पाहिले होते, पालख्या पाहिल्या होत्या. ह्या माणसांची मिरवणूक ते प्रथमच पाहत होते.

मिरवणूक पूर्व दरवाज्यापाशी आली. चारही दरवाजे बंद होते. जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेट गॉर्डन व पोलीस सुपरिंटेंडेंट रेनॉल्ड्स बंदोबस्तास हजर होते. ह्या क्षणी हजारोंचा समुदाय दारावर लोटला असता तर पुढील इतिहास निराळा झाला असता. तो लोटला नाही. मिरवणूक वळली आणि गोदावरीच्या घाटावर जाऊन तेथे सभा भरली. रात्री नेत्यांची बैठक होऊन दरवाज्यांसमोर शांततेने बसावयाचे ठरले. दुसऱ्या दिवशी, ३ मार्च रोजी, पहिली तुकडी चारही दरवाज्यांवर बसली. तीत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. भाऊरावांखेरीज अमृतराव रणखांबे, पतितपावनदास, पांडुरंग नथुजी राजभोज, कचरू साळवे ही नावे ह्या सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांत येतात. पोलीस सुपरिंटेंडेंटाने आपली कचेरीच देवळासमोर तंबूत आणली.

(५) साधनांची स्थिती

येथवरचा वृत्तांत बहुतेक चरित्रग्रंथांत मिळतो. आमचा मुख्य मुद्दा पुढेच आहे. ह्या घटनेची साधने कोणाच्या हातची आहेत?

बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले. त्यांचे 'जनता' पत्र निघाले ते २४ नोव्हेंबर १९३० रोजी. ह्या दोन तारखांच्या मधल्या वर्षात नाशिकची मिरवणूक, दरवाज्यांवरील बैठक आणि रथोत्सवाची दंगल ह्या तिन्ही घटना पडतात. म्हणजे ज्या महिन्यांत चळवळीस स्वतःच्या लेखणीची सर्वांत अधिक गरज होती, त्याच महिन्यांत बाबासाहेबांच्या हाती स्वतःचे पत्र नव्हते. महाडच्या सत्याग्रहाचा तपशील आपणांस सत्याग्रह्यांच्या तोंडून जितका मिळतो तितका नाशिकचा मिळत नाही, ह्याचे एक कारण आमच्या मते हे आहे.

दुसरे कारण कालयोगाचे. मिरवणुकीनंतर बरोबर दहा दिवसांनी, १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले. सर्व देशाचे व जगाचे डोळे त्या वाटेकडे लागले. दांडीची प्रत्येक मजल आज शाळकरी मुलांच्या पुस्तकात आहे. त्याच महिन्यात नाशिकच्या दरवाज्यापाशी उन्हात बसलेल्यांची गणती कोणी केली नाही. आम्ही स्वतः कित्येक वर्षे फळ्यावर दांडीचा नकाशा काढला आणि पंचवटीचा काढला नाही.

उरतात ती सरकारी कागदपत्रे व इतरांची वृत्तपत्रे. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये बाबासाहेबांच्या चळवळीविषयीचा जो साधनखंड प्रसिद्ध केला, त्यात ह्यांतील बरेच उतारे एकत्र मिळतात. त्यांचे मोल मोठे आहे. तथापि पोलिसांच्या कागदात माणूस येतो तो बंदोबस्ताचा विषय म्हणून. किती जमाव, कोणत्या दरवाज्यावर, शांतता राहील की नाही, एवढेच त्या लेखणीस हवे असते. तो कोण, कोणत्या गावचा, घरी काय सांगून निघाला, हे तिला नको असते. मिरवणुकीतील लोकांचा आकडाही ह्यामुळेच निश्चित नाही. सुमारे ८,००० हा आकडा पुष्कळ ठिकाणी येतो. काही लेखक त्याहून बराच मोठा आकडा देतात. एक मैल लांबीची, चारचारांची रांग हे वर्णन मान्य केले, तर त्रैराशिकाने आठ हजार हा आकडा सुसंगत दिसतो: मैलाचे १,७६० यार्ड, प्रत्येक रांगेस एक यार्डाहून थोडी कमी जागा, म्हणजे सुमारे दोन हजार रांगा. ह्यावरून आम्ही ८,००० हाच आकडा ग्राह्य धरतो. परिषदेस आलेले सर्वच लोक मिरवणुकीत नसावेत, हे ध्यानात घेतल्यास मोठ्या आकड्यांचाही उलगडा होतो.

(६) रथोत्सवाची तिथी

बुधवार, ९ एप्रिल १९३० रोजी जी दंगल झाली, तिची तिथी अनेक लेखांत 'रामनवमी' अशी दिलेली असते. ती दुरुस्त करणे अगत्याचे आहे. नाशिक क्षेत्रीचा रामाचा रथोत्सव रामनवमीस होत नाही. तो चैत्र शुद्ध एकादशीस, म्हणजे कामदा एकादशीस होतो. रामरथ व गरुडरथ असे दोन रथ त्या दिवशी निघतात, हे प्रत्येक नाशिककरास ठाऊक आहे. गणिताने शके १८५२ ची रामनवमी ७ एप्रिल १९३० रोजी येते व एकादशी ९ एप्रिल रोजी. तेव्हा तारीख बरोबर असून तिथीचे नाव मात्र चुकले आहे. ९ एप्रिल हा रथाचा दिवस होय.

त्या दिवशी उभयपक्षी तडजोड झाली होती. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा असे ठरले होते. प्रत्यक्षात सत्याग्रह्यांचा हात दोरास लागण्यापूर्वीच रथ दुसऱ्या वाटेने पळविला गेला व दगडफेक सुरू झाली. पुष्कळ लोक जखमी झाले. बाबासाहेबांसही किरकोळ इजा झाली. त्यानंतर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ह्या लोकांचे हाल झाले. वाटा अडविल्या गेल्या, दुकानांतून माल मिळेना, मुलांस शाळांतून बाहेर ठेवण्यात आले. दगड शहरात पडले, त्यांचे घाव खेड्यांत उमटले. शहरातील दगडांची नोंद झाली. खेड्यातील घावांची झाली नाही.

(७) शास्त्रार्थ

दार बंद ठेवणाऱ्यांचे म्हणणे धर्मशास्त्राच्या नावाने मांडले जाई. आमचे शिक्षण संस्कृताचे. तेव्हा ह्या बाजूचा विचार टाळणे आम्हांस शोभणार नाही.

पहिली गोष्ट अशी, की अत्रिस्मृतीत देवयात्रा, विवाह, यज्ञप्रसंग व सर्व उत्सव ह्यांत स्पर्शास्पर्शाचा दोष मानू नये असे स्पष्ट वचन आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) अस्पृश्यतेच्या विवेचनात ह्या प्रकारच्या वचनांचा परामर्श घेतला आहे. रथोत्सव ही देवयात्राही आहे व उत्सवही आहे. म्हणजे ९ एप्रिल रोजी ज्या दोरास हात लावू दिला नाही, त्या दोरापुरता तरी निषेध स्मृतीच्याच आधाराने लटका पडतो. ज्यांस शास्त्र प्रमाण होते, त्यांनी त्या दिवशी शास्त्र सोडून रूढी धरली.

दुसरी गोष्ट. ज्या मनुस्मृतीचा आधार वारंवार पुढे केला जाई, तिच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीस कोणते ब्राह्मण वर्ज्य करावेत ह्याची यादी आहे. तीत 'देवलक' म्हणजे देवपूजेवर उपजीविका करणारा पुजारी हा वर्ज्य सांगितला आहे. पूजेच्या वृत्तीकडेच मनु कमीपणाने पाहतो. अशा ग्रंथाच्या बळावर देवळाच्या दारी कोणास अडविणे हे ग्रंथाशी तरी प्रामाणिक नव्हे. अर्थात मनुस्मृतीतील शूद्रातिशूद्रांविषयीची कठोर वचने ह्यामुळे पुसली जात नाहीत, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास तिचे दहन का झाले हे त्या वचनांवरूनच कळते. आमचे म्हणणे एवढेच, की दार लावणारा हात रूढीचा होता व त्याने शास्त्राचा अंगरखा घातला होता. ज्यांस तो अंगरखा ओळखता येत होता, त्या संस्कृतज्ञांपैकी फार थोडे बोलले. आमच्यासारखे पुढील पिढीतले तर ह्या गोष्टी परीक्षेपुरत्या शिकले व विसरले.

(८) फलिताचा विचार

सत्याग्रह अधूनमधून थांबत, पुन्हा सुरू होत सुमारे पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांस लिहिलेल्या पत्राचा आशय असा, की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण ही चळवळ आरंभिली नव्हती. त्यांच्यात चैतन्य यावे व त्यांस आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, म्हणून आरंभिली होती, व तो हेतू साधला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा त्यांनी केली, व देवळांसाठी शक्ती खर्च करणे थांबविण्याचा सल्ला दिला. चांदवड ओलांडले की येवल्याची सीमा लागते. म्हणजे हा इतिहास आमच्या उंबऱ्याशी घडला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतर झाले.

दार उघडले ते कायद्याने. १९४७ मध्ये मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पंढरपूरच्या देवळासाठी साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले. २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट ठरविली. ह्यावरून काही लोक म्हणतात, की नाशिकचा सत्याग्रह अयशस्वी झाला. जे कायद्याने व्हावयाचे ते कायद्याने झाले.

हे मत आम्हांस मान्य नाही. कायदा लिहिणारा हात कोठे घडला, हे पाहिले पाहिजे. नाशिकच्या बंद दारापाशी बाबासाहेब जे शिकले, ते १७ व्या कलमामागे उभे आहे. इतरत्रही असेच घडलेले दिसते. अमेरिकेत ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा गावाहून मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या काळ्या लोकांच्या मोर्च्यास पुलावरच पोलिसांनी मारून परतविले. त्या दिवसापुरता तो मोर्चा फसलाच म्हणावयाचा. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथे मतदान हक्काचा कायदा झाला. तेथे पूल होता, येथे दरवाजा होता. तेथील मोर्चा पाच महिन्यांत फळला, येथील मिरवणुकीस सतरा वर्षे लागली. वंश व जाती ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनीच आपल्या ग्रंथांत प्रतिपादिले आहे. तरीही १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते ड्यू बॉइस ह्यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे तेथील कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची माहिती मागविली. दोन दुःखांची जात निराळी असली, तरी रस्त्यावर येण्याची गरज एकच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

तात्पर्य, मिरवणुकीचे यश दाराच्या कडीवरून मोजू नये. २ मार्च १९३० पूर्वी पंचवटीचा रस्ता ज्या लोकांस पाठ वाकवूनच ठाऊक होता, ते त्या दिवशी त्या रस्त्याने मान वर करून चालले. दार मिटलेले राहिले, पण चालणारा माणूस पूर्वीचा राहिला नाही. दारापासून घाटाकडे वळताना त्यांनी जो संयम दाखविला, त्याची बरोबरी त्या दिवशी दारामागच्यांस करता आली नाही.

(९) विनंती

आपल्या त्रैमासिकाने आजवर सनदा छापल्या, इनामपत्रे छापली, देवस्थानांचे हिशेब छापले. हे कार्य थोर आहे. परंतु देवळाच्या तेलवातीचा जमाखर्च आपल्या दप्तरी आहे, आणि त्याच देवळाच्या दारी बसलेल्या १२५ पुरुषांची व २५ स्त्रियांची संपूर्ण यादी आपल्या दप्तरी नाही, ही उणीव आता भरून काढली पाहिजे. त्या पिढीतील बहुतेक सर्व माणसे आज निवर्तली आहेत. त्यांच्या मुलांची पिढीही वार्धक्यात आहे. अजून दहा वर्षांनी ही विनंती करूनही उपयोग होणार नाही.

म्हणून नाशिक, निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला, सिन्नर, कळवण, बागलाण, मालेगाव व आमचा देवळा ह्या सर्व तालुक्यांतील वाचकांस आमची प्रार्थना आहे, की आपल्या गावी ज्या घरातून कोणी त्या मिरवणुकीस अगर दरवाज्यावर बसावयास गेले असेल, त्या घरी जावे. घराची संमती असल्यास नाव, गाव, जाण्याची वाट, किती दिवस राहिले, मागे घर कोणी सांभाळले, परतल्यावर गावाने कसे वागविले, हे ऐकून जसेच्या तसे लिहून घ्यावे. त्यांची बोली सुधारू नये. एखादे पत्र, पावती, छायाचित्र असल्यास मूळ त्यांच्याकडेच ठेवून प्रत घ्यावी. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी. तारखा आपण पडताळू.

आमच्याकडे आजमितीस अशी एकच नोंद आहे. तीत एका स्त्रीचे नाव, एक दरवाजा आणि बांधून नेलेली भाकरी एवढेच आहे. ती नोंद आम्ही शाळेच्या पाठीच्या कोऱ्या वहीत पहिल्या पानावर लिहिली आहे. त्या वहीची पुढील पाने भरणे आता वाचकांकडे आहे.